गेमच्या पुरवण्यांवर अभिप्राय देताना

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रे वठवत फाशांनी खेळायच्या खेळांच्या, स्वतंत्र लेखकांनी काढलेल्या पुरवण्या आमच्या सांगलीच्या गटात नेहमी खेळल्या जातात, आणि लेखकाला अभिप्राय कळवण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. अशा खेळांपैकी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असल्याने, श्रेय दिले की कोणालाही त्यांवर आधारित पुरवणी काढता येते. असा लेखक पुष्कळदा एकटा असतो, त्याच्या पाठीशी संपादक नसतो, आणि ‘मस्त जमलंय’ एवढ्या शेऱ्यातून त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मध्यंतरी आम्ही नदीकाठच्या प्रदेशावरची एक घडीपत्रिका, म्हणजे एकाच कागदाच्या घड्या घालून सहा पानांची केलेली पुरवणी, खेळलो. पात्रे जिवंत होती, भाषा नेटकी होती, पण हवामानाचा तक्ता खटकला. रोज दोन सहा-बाजूंचे फासे टाकायचे आणि बेरीज बारा आली की महापूर, असा नियम होता. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बारा एकाच शक्यतेत येतात; म्हणजे दहा दिवसांच्या मोहिमेत पूर दिसण्याची शक्यता जेमतेम २५ टक्के, आणि लेखकाने सर्वाधिक जागा तर त्या पुरालाच दिलेली. फाशांच्या शक्यता मोजणाऱ्या एनीडाइससारख्या साधनावर हे मिनिटभरात तपासता येते.

माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा होता. पूर असा एका सकाळी अचानक उगवत नाही, हे सांगलीकराला सांगावे लागत नाही. कोयनेच्या पाणलोटात पाऊस झोडपू लागतो, धरणातून विसर्ग वाढतो, आणि सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी फुटाफुटाने चढते. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका, आणि २०१९ मध्ये तर ते ५७ फुटांच्याही वर गेले. माळ्यावर आधी काय चढवायचे, गुरे कुठे न्यायची, अजून एक रात्र थांबायचे का, हे निर्णय त्या वाट पाहण्यातच घ्यावे लागतात, आणि खेळाचा खरा ऐवजही तिथेच आहे. म्हणून मी ‘ब्लेड्स इन द डार्क’ या दुसऱ्या गेममधल्यासारखे सहा घरांचे घड्याळ, म्हणजे संकट जवळ येईल तसतसे एकेक घर भरायचे वर्तुळ, सुचवले: बेरीज सात किंवा अधिक आली की एक घर भरायचे, दुसऱ्या घराला सखल पूल बंद, चौथ्याला नावा बंद. दहा दिवसांत सरासरी सहाच्या आसपास घरे भरतात.

दुसरी तक्रार छपाईची. पत्रिका अमेरिकी लेटर आकारात मांडलेली होती, आणि विश्रामबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कागद मिळतो ए-फोर. ‘फिट टू पेज’ केल्यावर मजकूर आक्रसतो, कागदाचे तीन समान भाग केले तर घडी स्तंभांच्या सीमेपासून सुमारे चार मिलिमीटर सरकते आणि नेमकी तक्त्यातल्या आकड्यांवर येते. काळ्या पार्श्वभूमीच्या मुखपृष्ठाने टोनर किती खाल्ला, ते वेगळेच.

चित्रे आवडली की नाही, हे मी लिहीत नाही. त्याचा लेखकाला उपयोग शून्य. नकाशा आपोआप काढून देणाऱ्या साधनाचा वापर दिसला तरी हरकत घेत नाही, फक्त खोल्यांना क्रमांक आहेत का तेवढे पाहतो.

लेखकाने ए-फोरची फाइल लगेच दिली. घड्याळाला मात्र जागा नाही, असे त्याने कळवले, आणि पत्रिकेची सहा पाने पाहता त्यात तथ्य आहे. तरी बाजारभावांची यादी काढली तर ते आरामात बसेल, असे मी त्याला परत लिहिले आहे.