ओळख लागते का?

मी उत्तर व्हर्जिनियात छोटी आयटी कंपनी चालवते. आमचं बहुतेक काम अमेरिकेच्या फेडरल सरकारचं. त्यामुळे इथल्या मंडळातले लोक विचारतात, "ताई, आत कुणाची ओळख लागते का?" पुण्याचा भाचा त्याहून रोखठोक आहे. "मावशी, तिकडेही टेंडर मॅनेज होतं का गं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ओळख लागते, पण टेंडर निघायच्या आधी. निघाल्यावर तिचा काडीचा उपयोग नाही, आणि काम हातात आल्यावर तीच ओळख गोत्यात आणू शकते.

आधी म्हणजे कधी? एखाद्या खात्याला काही घ्यायचं असलं की ते बऱ्याचदा 'सोर्सेस सॉट' नावाची नोटीस काढतं. हे काम करू शकणारं कोणी आहे का, एवढीच विचारणा. तिच्यात पैसे नाहीत, कंत्राटही नाही, म्हणून नवखे लोक ती सोडून देतात. खरी गंमत मात्र तिथेच असते. किमान दोन लायक लहान कंपन्या वाजवी दरात बोली लावतील असं खरेदी अधिकाऱ्याला वाटलं, तर साडेतीन लाख डॉलरच्या आतलं काम साधारणपणे लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावं लागतं (1 ऑक्टोबर 2025 पूर्वी ही मर्यादा अडीच लाख होती). त्याहून मोठ्या कामांनाही दोन कंपन्यांची हीच कसोटी लावतात. तुम्ही उत्तरच दिलं नाही, तर त्या दोघांत तुमची गणती होणार कशी?

या काळात अधिकाऱ्यांना उघडपणे भेटता येतं, आपलं काम दाखवता येतं. भेटण्याआधी मात्र घरचा अभ्यास हवा. यूएसएस्पेंडिंग डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर कुठलं काम आज कोणाकडे आहे, किती रकमेचं आहे आणि कधी संपतंय, हे कुणालाही फुकट दिसतं. मुदत संपायच्या दीड वर्ष आधी दार ठोठवायचं. महिनाभर आधी जाणाऱ्याला चहासुद्धा मिळत नाही.

(सरकारी काम घ्यायला सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर लागणारी नोंदणीही फुकट असते, फक्त दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नोंदणी झाली रे झाली की "आम्ही करून देतो, इतके डॉलर" असे मेल आणि फोन सुरू होतात. ते सरकारी नसतात. मदत हवी तर कंपन्यांना सरकारी कामांसाठी मार्गदर्शन करणाऱ्या अ‍ॅपेक्स अ‍ॅक्सेलरेटरकडे जा, ते बहुतेक मदत पैसे न घेता करतात.)

पुढचा प्रश्न ठरलेला: "आपण मायनॉरिटी ना? मग एट-ए मधून सोपं असेल." एट-ए म्हणजे वंचित मालकांच्या लहान कंपन्यांना सरकारी कामात सवलत देणारी फेडरल योजना. पूर्वी भारतीय उपखंडातून आलेले लोक सामाजिकदृष्ट्या वंचित आहेत असं त्या योजनेत गृहीत धरत. जुलै 2023 मध्ये टेनेसीतल्या फेडरल न्यायालयाने ते गृहीतक वापरायला मनाई केली. त्यानंतर ज्याला त्याला आपल्यावर झालेला अन्याय प्रसंग आणि पुराव्यांनिशी लिहून द्यावा लागू लागला. शिवाय नागरिकत्व हवंच, ग्रीन कार्डावर भागत नाही. आणि ही सवलत मिळाली तरी नऊच वर्षांची. तिच्या भरवशावर कंपनी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टेंडर निघालं की दारं बंद. शंका लेखी पाठवायच्या आणि उत्तरं सगळ्यांना मिळतात. बोली कशी लिहायची ते सहसा 'एल' विभागात असतं, तिला गुण कसे देणार ते 'एम' मध्ये. आमच्याकडे 'एम' ची एकेक ओळ घेऊन तिच्यासमोर आपल्या बोलीतला पानाचा आकडा लिहायचा, ही शिस्त आहे. इथे सगळीकडे भारतातल्यासारखी एल-वन पद्धत, म्हणजे सर्वांत कमी दर त्यालाच काम, नसते. गुणवत्तेसाठी जास्त दराची बोलीही निवडता येते, पण ती का निवडली हे अधिकाऱ्याला फाइलमध्ये लिहावं लागतं. ते कारण त्याच्या हाती देणं हे तुमच्या बोलीचं काम आहे. हरलात तर डीब्रीफिंग जरूर मागा. कुठे कमी पडलो हे एवढं नीट सांगणारं गिऱ्हाईक खासगी धंद्यात मिळत नाही.

काम मिळाल्यावर रोजचा संबंध 'सीओआर' शी, म्हणजे कामावर देखरेख करणाऱ्याशी येतो. माणूस चांगला असतो, वर्षभरात घरोबा होतो. मग एक दिवस तो म्हणतो, "जाता जाता हा एक रिपोर्टही करून द्या ना." इथेच जपायचं. कंत्राटात बदल करायचा अधिकार त्याला नाही, तो फक्त खरेदी अधिकाऱ्याला, म्हणजे कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला (सीओ). तोंडी सांगण्यावरून केलेल्या कामाचे पैसे मिळतीलच याची खात्री नाही. आमच्या मुलांना एकच वाक्य पाठ आहे: "आनंदाने करू, सीओंची मेल येऊ द्या." दिवाळीच्या मिठाईलाही हिशेब आहे. एका वेळी वीस डॉलर आणि वर्षाला पन्नास, त्यापुढची भेट सरकारी माणसाला घेता येत नाही. मी तर पेढेही नेत नाही.

टिकायचं कसं, याचं उत्तर कंटाळवाणं आहे. टाइमशीट रोज भरायची. कंत्राट बहुधा एक वर्ष अधिक चार ऑप्शन वर्षं असं असतं आणि पुढचं वर्ष द्यायचं की नाही हे सरकार एकतर्फी ठरवतं. मोठ्या कामांचा शेरा सीपार्समध्ये, म्हणजे कंत्राटदारांच्या कामगिरीच्या सरकारी नोंदीत, चढतो आणि पुढच्या बोलीच्या वेळी दुसरं खातंही तो वाचतं. शेरा पटला नाही तर मुदतीत लेखी म्हणणं मांडा, गप्प बसू नका.

आणि बँकेत शिल्लक ठेवा. 2025 मध्ये 1 ऑक्टोबरपासून खर्चाला मंजुरी न मिळाल्याने 43 दिवस सरकारचं कामकाज बंद होतं. 2019 च्या कायद्यामुळे सरकारी नोकरांना बुडालेला पगार नंतर मिळतो. कंत्राटदारांच्या माणसांसाठी असा कायदा नाही. काम थांबवलेल्या माणसांचा पगार मालकाने खिशातून द्यायचा, नाहीतर त्यांना गमवायचं. तीन महिन्यांचे पगार बाजूला नसतील तर या धंद्यात येऊ नका, असं मी भाच्यालाही सांगितलं.

एवढं ऐकूनही ओळख करूनच घ्यायची असेल, तर खरेदी करणाऱ्या प्रत्येक मोठ्या खात्यात लहान उद्योगांसाठी एक कचेरी असते. तिथल्या लोकांचं कामच तुम्हाला भेटणं हे आहे. वेळ मागा, आणि सोबत कंपनीची एकपानी माहिती न्या. दोन पानांची नको.