दुखत नाही म्हणतो, म्हणून तर घाई

दुसऱ्या वर्षाच्या एमबीबीएसच्या मुलांना मी फार्माकोलॉजी शिकवते. दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, तुम्हाला पेशंट बघायला आवडत नाही का?" एमडी झालेल्या डॉक्टरची ना ओपीडी ना वॉर्ड, म्हणजे या बाईंना हवी ती ब्रँच मिळाली नसणार, असा मुलांचा समज असतो. प्रत्यक्षात मला मेडिसिनची जागा मिळत होती. ती सोडून मी औषधांच्या अभ्यासाकडे वळले ती एका पेशंटमुळेच.

एमबीबीएसनंतरची बाँडची, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेची नोकरी होती, रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात. ऑक्टोबरात भातकापणी ऐन रंगात आली की कॅज्युअल्टीत विंचूदंशाचे पेशंट येऊ लागतात. जांभ्या दगडाच्या बांधात, चिऱ्यांच्या ढिगाखाली, कापून ठेवलेल्या पेंढ्यांत लाल विंचू दडलेला असतो. त्या संध्याकाळी एका सहा वर्षांच्या मुलाला त्याचे वडील आणि काका मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन आले. शर्ट घामाने पिळून काढावा इतका ओला. वाटेत दोनदा ओकला होता. वडील मात्र थोडे निर्धास्त होते. "मघाशी रडत होता मॅडम, आता दुखत नाय म्हणतो. बरा हाय ना?"

तेच तर वाईट होतं. लाल विंचवाच्या दंशात पेशंट दुखण्याने तळमळत असेल तर बहुतेकदा विष तेवढ्यावरच थांबलेलं असतं. दुखणं फारसं नाही, पण घाम, उलट्या आणि थंडगार हातपाय आहेत, तर विष अंगभर पसरलंय असं धरायचं. मी त्याचे पंजे हातात घेतले, बर्फासारखे होते. चड्डी सैल केली तर लिंग ताठरलेलं. लाजेकाजेस्तव घरचे हे सांगत नाहीत, म्हणून मुलगा असेल तर स्वतः बघायचंच. नाडी धावत होती, रक्तदाब त्या वयाला न शोभणारा, मोठ्या माणसाचाही असू नये इतका.

यापुढे काय होतं ते आधी कळलं पाहिजे. या विषामुळे मज्जातंतूंवरची सोडियमची दारं उघडतात ती वेळेवर मिटत नाहीत. तंतू सारखे चेतत राहतात आणि शरीरातला अॅड्रिनॅलिन-नॉरअॅड्रिनॅलिनचा साठा एकदम रक्तात ओतला जातो. सगळ्या रक्तवाहिन्या आवळतात. हृदय त्या दाबाविरुद्ध झगडून थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. धडधाकट पोर काही तासांत गुलाबी फेस ओकत जातं.

आमचे वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी मुंबईला मीटिंगला गेले होते. त्यांनी औषधाच्या कपाटाला आतून एक कागद चिकटवून ठेवला होता: प्राझोसिन, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, दर 3 तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत. मुलाचं वजन 17 किलो, म्हणजे 1 मिलिग्रॅमची अर्धी गोळी. पांढऱ्या कागदावर ब्लेडने गोळीचे दोन भाग केले, अर्धा भाग चमच्यात पाण्यात विरघळवून पाजला. सिस्टर नवीन होत्या. "मॅडम, ही बीपीची गोळी ना? एवढ्याशा पोराला?" प्रश्न रास्तच होता. ही गोळी उच्च रक्तदाबासाठी शोधली गेली, विंचवासाठी नाही. पण ती आवळलेल्या वाहिन्या सैल करते, नेमकी तीच गाठ सोडवते जी विषाने घातलेली असते.

गोळीनंतर पोराला उठवायचं नाही, पहिल्या डोसाने रक्तदाब एकदम उतरू शकतो. तोवर आई पोचली होती आणि तिला त्याला मांडीवर घ्यायचं होतं. नको म्हणताना जीव तुटत होता. मी तिला स्टूल दिलं, त्याचा हात तिच्या हातात ठेवला आणि सांगितलं, हा हात गरम झाला की मला हाक मारा. फ्रिजमध्ये हाफकिनची विंचवाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष होतं. पूड पाण्यात विरघळेपर्यंत बाटली हलक्या हाताने फिरवत राहिले, जोरात हलवली की फेस होतो. मग शिरेतून सावकाश दिली, लसीची रिअॅक्शन आलीच तर म्हणून अॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन शेजारी भरून ठेवून.

आता नुसती वाट बघायची होती. नाडी, श्वास, बीपी, छातीत तळाला चुरचुर येतेय का, हे सगळं वेळेसकट लिहीत बसले. त्या बसण्यात जे मनात आलं त्याने माझा रस्ता बदलला. तो कपाटातला कागद आला कुठून? महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रातून. 1976 पासून तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर अशाच पेशंटांशेजारी रात्र रात्र बसून नाडी आणि रक्तदाब टिपत होते. त्यांच्या नोंदी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आल्या. घाम आवरायला अॅट्रोपिन दिलं जायचं, त्याने उलट अपायच होतो हे अशा निरीक्षणांतून समजलं. 1986 मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी 'लॅन्सेट'मध्येच प्राझोसिनचे निष्कर्ष छापले. पूर्वी गंभीर दंशाचे शंभरातले तीस-चाळीस जण जायचे, ते प्रमाण चारच्या खाली आलं.

आणि ती लस? परळच्या संस्थेला ज्यांचं नाव आहे ते वाल्डेमार हाफकिन डॉक्टर नव्हतेच, प्राणिशास्त्राचे माणूस. 1897 च्या जानेवारीत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली होती. विंचवाच्या नांगीला विजेचा हलका झटका देऊन विष गोळा करणारे, ते थोडं थोडं टोचून घोड्यांच्या रक्तात प्रतिविष तयार करणारे, यांतल्या बहुतेकांनी विंचू चावलेलं मूल कधी बघितलंही नसेल. सोडियमच्या दारांचा शोध घेणारे तर याहूनही दूर, कुठल्या कुठल्या प्रयोगशाळांत. एका खाटेवर या सगळ्यांची आयुष्यं एकत्र आली होती, आणि आम्हाला कॉलेजात संशोधन म्हणजे बढतीसाठी लागणारे पेपर एवढंच माहीत होतं. याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या डोसानंतर आईने हाक मारली. पंजा कोमट होता, मनगटामागच्या शिरा दिसू लागल्या होत्या, घाम थांबला होता. पहाटे त्याने पेज मागितली.

वरिष्ठ परतल्यावर माझ्या नोंदींचा कागद त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि म्हणाले, "डंखापासून पहिल्या गोळीपर्यंत किती वेळ गेला?" तेवढं लिहिलेलं होतं. मग त्यांनी 'बीएमजे' या दुसऱ्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातला 2011 चा बावस्करांचाच पेपर काढून दिला. 70 पेशंट, निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याबरोबर लस. 10 तासांत पूर्ण बरे झालेले लस घेतलेल्यांत 91.4 टक्के, नुसत्या गोळीवरचे 22.9 टक्के. "लस प्रत्येक केंद्रात पोचत नाही, गोळी पोचते," ते म्हणाले. "मग ज्याच्याकडे फक्त गोळी आहे, त्याने पेशंट मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचा? हे कोणीतरी नीट लिहून काढायला हवं."

पुढच्या हंगामाआधी आम्ही रजिस्टर आखलं. डंखाची वेळ, पहिल्या गोळीची वेळ, हात गरम झाल्याची वेळ, आणि शेवटचा रकाना दुखण्याचा. तो रकाना भरायला सिस्टर स्वतःहून पुढे आल्या.