जंतू काय महिनाभर झोपले होते?

चवथीला आम्ही सगळे मामाच्या घरी असतो, गोव्यात वाळपईच्या पुढे. गेल्या वर्षी एकोणीस माणसं होती. माटोळी बांधायला मुलं, पातोळ्या करायला आम्ही बायका, आणि आरतीला घुमट घेऊन सगळा वाडा. दीड दिवस सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीचं. थंडगार, गोड पाणी. कळशी वर आली की पर्वरीहून आलेली मुलं ओंजळीनेच प्यायची, आणि मामा कौतुकाने बघत राहायचा. "तुमच्या फिल्टरला येते काय ही चव?"

दसऱ्याच्या सकाळी वहिनीचा फोन. मुलाचे डोळे पिवळे दिसतायत. पुढच्या आठ दिवसांत आणखी चौघं. मी डिचोलीत एका लॅबमध्ये तेवीस वर्षं लोकांचं रक्त आणि लघवी तपासते आहे. पाचांपैकी तिघांचं बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं कावीळीचं पिवळं द्रव्य, मीच काढलं. हिपॅटायटिस ए निघाला, दूषित पाण्यातून येणारी कावीळ. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला "पाणी उकळून प्या" सांगणारी मी चवथीत तेच पाणी तांब्या तांब्याने प्यायले होते, हेही सांगून टाकते.

मामाला फोन केला तर तो हसला. "बाये, पाणी प्यायले चवथीला आणि कावीळ दसऱ्याला? जंतू काय महिनाभर झोपले होते?"

झोपलेच होते म्हणायला हरकत नाही. हा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत पंधरा ते पन्नास दिवस जातात. चवथ ते दसरा साधारण छत्तीस. पण हे फोनवर सांगून पटत नाही, कारण माणसाचा हिशोब काल काय खाल्लं इथपर्यंतच जातो. महिन्यापूर्वीची ओंजळ कोणाच्या लक्षात राहते?

मामा पंचाहत्तरीला टेकलाय. करोनानंतर त्याच्या फोनवर एक नवीनच शास्त्र येऊन पडलं आहे. जंतूंमुळे रोग होत नाही, शरीर बिघडलं की जंतू येतात, कचऱ्यावर माश्या बसतात तसे; म्हणून माश्यांना दोष देऊ नका. वर हेही, की जंतूंमुळे रोग होतात हे सांगणाऱ्या पाश्चरने मरताना आपली चूक कबूल केली. (त्याला आधार काही नाही, पण मरताना कबुली दिली म्हटलं की गोष्टीला वजन येतं.) गंमत म्हणजे हाच मामा माकडताप मानतो. २०१५ पासून आमच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात तो ताप आहे, आणि गोचीड चावल्याने होतो हे त्याला एकदम मान्य. गोचीड दिसते ना! तिच्या पोटातला विषाणू दिसत नाही, म्हणून त्याचं नावही काढायचं नाही.

"मी जन्मभर हेच पाणी पितो, मला काय झालं?" हा त्याचा हुकमी पत्ता. हे वाक्य ऐकलं की मला म्युनिकचा आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर आठवतो. तो काही ऐरागैरा नव्हता. त्या शहराला चांगलं पाणी आणि गटारं मिळावीत म्हणून झटलेला माणूस. कॉलऱ्याचा जंतू आहे हे तो नाकारत नव्हता, पण नुसत्या जंतूने साथ येत नाही, त्याला जमिनीत मुरावं लागतं, भूजलाची पातळी जुळून यावी लागते, असं त्याचं म्हणणं. जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्याला रुग्णांत आणि तिथल्या तळ्याच्या पाण्यात तो जंतू दाखवला, तरी म्हातारा हटला नाही. ऑक्टोबर १८९२ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्याने कॉलऱ्याच्या जंतूंचं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं. थोडे जुलाब झाले, बस्स. आपला मुद्दा सिद्ध झाला, असं त्याला वाटलं. दहा दिवसांनी त्याच्या शिष्याने, एमेरिखने, तेच केलं. त्याला मात्र चांगलाच त्रास झाला.

त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं कॉलऱ्याने गेली. शेजारचं आल्टोना मात्र जवळजवळ वाचलं. नदी एकच, एल्ब. जमीन तीच, हवा तीच. आल्टोनात पाणी वाळूतून गाळून देत होते, हॅम्बुर्गमध्ये तसंच सोडत होते.

मामाला काही का झालं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे. कावीळीचा हा विषाणू लहानपणी पोटात गेला तर बऱ्याचदा कळतही नाही, आणि पुढे जन्मभराचं संरक्षण मिळतं. त्याच्या पिढीने ती परीक्षा पास होऊन ठेवली आहे. माझीही त्याच विहिरीवर झाली असणार, मे महिन्याच्या सुट्ट्यांत. पर्वरीची मुलं बाटलीच्या पाण्यावर वाढलेली. ती परीक्षेला कोरी बसली. म्हणजे "शरीरावर अवलंबून असतं" हे मामाचं म्हणणं अर्धं बरोबरच आहे, आणि माझा खरा वैताग तोच आहे. अर्ध्या बरोबर माणसाशी भांडता येत नाही.

दरम्यान वहिनी मुलाला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेली. मीही गेले सोबत. त्याने पोराच्या हाताला कसलासा रस चोळला आणि परातीतल्या चुन्याच्या निवळीत हात धुतले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं. वहिनीच्या डोळ्यांत पाणी. आंब्याच्या सालीचा रस आणि चुना एकत्र आला की असा रंग येतो, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "माझेही धुवा." माझेही पिवळे! तो न डगमगता म्हणाला, "तुझ्यातपण आहे थोडी."

दिवाळीत मामाकडे जाताना मी पाणी तपासायच्या दोन बाटल्या नेल्या. ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडलेली साधी चाचणी आहे. बाटलीत औषध असतं, पाणी भरायचं, एक-दोन दिवस घरात तसंच ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर पाणी काळं पडतं. विषाणू त्यात दिसत नाही. मैला पाण्यात पोचतोय एवढंच कळतं. मामाला सगळं आधीच सांगितलं: एकीत विहिरीचं, दुसरीत तेच पाणी उकळून गार केलेलं. परातीतला रंग कोणाचेही हात धुतले तरी येतो, या बाटलीला "नाही" म्हणता येतं. मामाने स्वतः भरल्या, स्वतः झाकणं लावली, आणि मी हात लावू नये म्हणून देवघराच्या कोनाड्यात नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना मामीने हाक मारली. एक बाटली होती तशीच. दुसरी डांबरासारखी. झाकण जरा सैल केलं तर कुजलेल्या अंड्याचा वास. मामीने दोन्ही तिथून उचलून पडवीत ठेवल्या.

मामा उठून विहिरीकडे गेला. मीही मागोमाग. नवीन संडासाचं सोकपिट, म्हणजे शोषखड्डा, विहिरीपासून नऊ पावलांवर, आणि चढाच्या बाजूला. जमीन सगळी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिऱ्याला भोकं किती असतात हे घर बांधणाऱ्याला सांगायला नको. पावसाळ्यात त्यातून पाणी धावतं. पेटेनकोफर असता तर खूश झाला असता. जमिनीचा हात होता की शेवटी! फक्त जंतू तिथे मुरत नव्हता, तिथून वाट काढत होता. जुने गोवे कॉलऱ्यासारख्या साथींनी ओस पडलं, राजधानी १८४३ मध्ये पणजीला आली, आणि दोष "वाईट हवे"ला दिला गेला. तिथलीही जमीन झिरपणारी, मैला खाली आणि विहिरी शेजारी. कॉलऱ्याला पोर्तुगीज लोक जे 'मोर्देशी' म्हणायचे ती आपलीच मोडशी. फ्रेंचांच्या कानाने तिची 'मोर द शिएँ', म्हणजे 'कुत्र्याची मौत' केली.

सोकपिट हलवायचं तर चिरा फोडावा लागतो, त्याचा भाव ऐकून मामाने विषय पुढच्या वर्षावर ढकलला आहे. बाटलीबद्दल तो म्हणाला, "काळं झालं खरं." त्यापुढे काही नाही.

परवा गेले तर ओट्यावर दोन घागरी होत्या. एकीवर झाकण, आणि खडूने 'पावणे' लिहिलेलं. दुसरी उघडी. मामाने त्यातून तांब्या भरला, माझ्याकडे बघत अर्धा प्यायला, आणि "तुझी ती," म्हणून झाकणाकडे बोट दाखवलं.