एक मिस्ड कॉल आणि धरलेल्या आठ लाइन

तक्रार सोमवारी सकाळी आली. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला सुट्या भागांचा एक वितरक. बोर्ड नंबर लावला की एंगेज, आणि आत ऑर्डर घेणारी माणसं हेडफोन लावून रिकामी बसलेली. रविवारी ऑफिस बंद होतं, त्यामुळे कुठल्या एक्स्टेंशनवर कोणी बोलत असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही ऑपरेटरच्या कन्सोलवर आठही ट्रंकचे, म्हणजे बाहेरच्या लाइनचे, दिवे लाल होते.

अशा वेळी पहिला हात ईपीएबीएक्सच्या, म्हणजे बाहेरच्या लाइन आतल्या एक्स्टेंशनना जोडणाऱ्या मशीनच्या, स्विचकडे जातो. तिथेही दर आठ-पंधरा दिवसांनी एखाद-दुसरी लाइन अडकली की कोणी ना कोणी मशीन बंद-चालू करत होतं आणि काम भागत होतं. पण स्विच बंद केला की पुरावाही जातो. म्हणून आधी क्रोन मॉड्यूलवर, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या तारा जिथे जोडतात त्या पट्टीवर, मल्टिमीटर लावला. मोकळ्या लाइनवर 48 व्होल्टच्या आसपास डीसी दिसायला हवा. कोणी रिसीव्हर उचलला की तो दहाच्या खाली येतो. आठही जोड्यांवर सात-आठ व्होल्ट. म्हणजे एक्स्चेंजच्या दृष्टीने आठही लाइन उचललेल्या होत्या आणि उचलून धरणारं होतं खुद्द आपलं मशीन.

मग एक नंबरच्या लाइनवर डिस्कनेक्ट प्लग घातला. करंट तुटला हे मशीनला कळलं आणि त्याने एक नंबर सोडला. त्याच क्षणी आठ नंबरवरचा व्होल्टही वर गेला. दोन काढली, सात सुटली. तीनबरोबर सहा, चारबरोबर पाच. लाइन अशा जोडीजोडीने सुटल्या म्हणजे त्या ट्रंक-टू-ट्रंक अडकल्या होत्या: बाहेरून आलेला कॉल मशीनने दुसऱ्या लाइनवरून पुन्हा बाहेर पाठवला होता.

कॉलची नोंद, म्हणजे एसएमडीआर, कॉल संपल्यावरच बाहेर पडते. त्यामुळे रात्रभर कोऱ्या राहिलेल्या प्रिंटरवर आत्ता चार ओळी उमटल्या. आत 01, बाहेर 08, आत 02, बाहेर 07, पुढेही तसंच. बाहेरचा नंबर चारही वेळा एकच, रात्रपाळीच्या सुपरवायझरचा मोबाईल. सुरुवात रविवारी रात्री नऊनंतरची, आणि दोन ओळींमधलं अंतर प्रत्येक वेळी जेमतेम अर्ध्या मिनिटाचं.

इथे लाइन वाटपाची पद्धत समजून घ्यायला हवी. पायलट नंबरवर, म्हणजे बोर्ड नंबरवर, आलेल्या कॉलसाठी एक्स्चेंज एक नंबरच्या लाइनपासून वर मोकळी लाइन शोधत जातं; यालाच हंटिंग म्हणतात. (ऑपरेटरचं काम यंत्रानेच करायचं ही कल्पना जुनी. कॅन्सस सिटीतल्या ॲल्मन स्ट्राउजर या अंत्यविधी व्यावसायिकाला ऑपरेटरशिवाय चालणाऱ्या स्विचचं पेटंट 1891 मध्ये मिळालं. आपली गिऱ्हाइकं ऑपरेटर दुसरीकडे वळवते असा त्याला संशय होता म्हणतात.) बाहेर जाणारे कॉल मात्र मशीनने आठपासून खाली घ्यायचे असतात, म्हणजे येणारा आणि जाणारा कॉल एकाच लाइनवर आदळत नाहीत. इथे ते नीट लावलेलं होतं. म्हणूनच दोन टोकांकडून लाइन भरत आल्या आणि मध्ये चार-पाचवर संपल्या.

भरल्या कशा, ते आता उलगडतं. नाईट मोडमध्ये ऑटो अटेंडंट, म्हणजे मशीनमधला आपोआप फोन घेणारा भाग, सोळा सेकंदांचं स्वागत वाजवायचा, कोणी बटण दाबलं नाही तर पाच सेकंद थांबायचा आणि कॉल सुपरवायझरच्या मोबाईलवर पाठवायचा. सुपरवायझर त्या रात्री त्र्यंबकच्या पलीकडे, रेंजबाहेर. त्याने आपल्या मोबाईलवर ‘पोहोचता न आल्यास’ फॉरवर्ड लावून ठेवला होता, तोही याच बोर्ड नंबरवर. हेतू चांगलाच होता, गिऱ्हाइकाचा फोन चुकू नये. एक कॉल लाइन 1 वर आला, 8 वरून मोबाईलकडे गेला, मोबाईल कंपनीने तो परत पायलट नंबरवर फिरवला, एक्स्चेंजने लाइन 2 दिली, मशीनने पुन्हा स्वागत वाजवलं. असे चार फेरे. दोन-सव्वादोन मिनिटांत आठ लाइन संपल्या. प्रत्येक फेरीत मशीन नवा कॉल लावतं, त्यामुळे हा तोच कॉल फिरून आलाय हे वाटेत कोणालाच ओळखू येत नाही.

फोन करणारा तर दुसरं स्वागत ऐकूनच वैतागून गेला असणार. मग साखळी तुटली का नाही? साध्या तांब्याच्या लाइनवर समोरच्याने फोन ठेवल्याचं मशीनला आपोआप कळत नाही. एक्स्चेंज फक्त एंगेज टोन पाठवतं आणि मशीनने तो कान लावून ओळखायचा असतो. भारतात हा टोन 400 हर्ट्झचा, 750 मिलिसेकंद चालू आणि तितकाच बंद. मशीनमध्ये कारखान्यातून आलेली अमेरिकन टोनची सेटिंग तशीच होती: 480 आणि 620 हर्ट्झ एकत्र, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. आपला टोन त्यात बसतच नाही. दर आठ-पंधरा दिवसांची ती एखाद-दुसरी अडकलेली लाइनही याच कारणाची.

दुरुस्ती करताना देश ‘इंडिया’ निवडून थांबता येत नाही. प्रत्येक लाइनवरचा टोन रेकॉर्ड करून मोजला, आणि चार आवर्तनं जुळली तरच लाइन सोड असं सांगितलं. दोनवर ठेवलं तर होल्डचं संगीतही कधी कधी टोन समजलं जातं आणि चालू बोलणं तुटतं. लाइन गजबजलेल्या असतानाचा 250 मिलिसेकंदांचा कंजेशन टोन वेगळा भरावा लागतो. ट्रंक-टू-ट्रंक कॉलला दहा मिनिटांची मर्यादा घातली, शेवटी इशाऱ्याचा बीप. रात्रीच्या फॉरवर्डला फक्त 7 आणि 8 याच लाइन वापरायची मुभा ठेवली. सुपरवायझरच्या मोबाईलवर ##002# करून सगळे फॉरवर्ड काढले, पण त्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही, उद्या दुसरं कोणी लावेल. खरा इलाज स्वागताच्या शब्दांत आहे: ‘तातडीचं काम असल्यास 1 दाबा.’ बटण दाबल्याशिवाय कॉल बाहेर जात नाही, आणि फिरून आलेल्या कॉलच्या टोकाला बटण दाबणारं कोणी नसतं.

मालकांनी तोवर आणखी चार लाइनचा अर्ज भरून ठेवला होता. गर्दीच्या तासात त्यांच्याकडे सुमारे साठ कॉल, सरासरी तीन मिनिटांचे. म्हणजे 3 अर्लांग, सरासरी तीन लाइन एका वेळी गुंतलेल्या. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या अर्लांगचं 1917 सालचं सूत्र लावलं तर आठ लाइनवर एंगेज लागण्याचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी येतं. त्यातल्या चार अडकलेल्या असतील तर तेच वीस टक्क्यांवर जातं. बारा लाइन असत्या तर कॉलने चारऐवजी सहा फेरे मारले असते, इतकाच फरक.

लाइन देणाऱ्या कंपनीकडे पोलॅरिटी रिव्हर्सलही मागितलं. समोरच्याने फोन ठेवला की लाइनचे धन-ऋण उलटतात, त्यामुळे टोन ऐकत बसायची गरज उरत नाही. एके काळी पीसीओचे मीटर याच खुणेवर चालायचे. पाच लाइनवर ते मिळालं. उरलेल्या तीन फायबरच्या डब्यातून येतात आणि तो डबा रिव्हर्सल देत नाही. तिथे टोनची सेटिंगच सांभाळावी लागते आणि डबा बदलला की टोन पुन्हा मोजावा लागतो.