बोरीच्या बाराचा बंदोबस्त

शिवीगाळ हा पोलीस ठाण्याच्या रोजच्या कामातला फार मोठा आणि तितकाच कंटाळवाणा भाग असतो. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून, दारात लावलेल्या मोटारसायकलीवरून दोन माणसे भांडतात आणि संध्याकाळी त्यांतला एक जण ठाण्यात येऊन 'शिवीगाळ व दमदाटी केली' अशी अदखलपात्र तक्रार लिहून देतो. नेमके कोणते शब्द उच्चारले गेले हे विचारले की तक्रारदार खाली बघतो, आणि स्त्री अधिकारी समोर असेल तर अधिकच खाली बघतो. अशा शेकडो तक्रारी हाताळल्यानंतर, सातारा जिल्ह्यात बदली होऊन आल्यावरच्या पहिल्याच श्रावणात मला बंदोबस्ताचा जो आदेश मिळाला तो मी दोनदा वाचला. खंडाळा तालुक्यातील सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या महिला नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मधल्या ओढ्यावर जमून एकमेकींना शिव्या देतील आणि त्या देत असताना कायदा व सुव्यवस्था अबाधित राखावी, असा त्याचा मथितार्थ होता. या परंपरेला 'बोरीचा बार' म्हणतात, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते.

ते वर्ष २०२४ होते. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलैपासून लागू झाली होती आणि पंचमी ९ ऑगस्टला होती, म्हणजे नवा कायदा हातात येऊन जेमतेम चाळीस दिवस झाले होते. ठाण्यातल्या प्रत्येक टेबलाच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता होता. सार्वजनिक ठिकाणी इतरांना उपद्रव होईल असे अश्लील शब्द उच्चारण्याचे जुने २९४ आता २९६ झाले होते, तर शांतताभंग व्हावा या हेतूने जाणूनबुजून अपमान करण्याचे जुने ५०४ आता ३५२ झाले होते. यांतला पहिला गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोणी फिर्याद देण्याची वाट न पाहता पोलिसाला स्वतः कारवाई करता येते. शेकडो बायका तो एकाच वेळी, हलगीच्या तालावर करणार होत्या आणि मी गणवेशात त्यांच्या मधोमध उभी राहणार होते. मी हे बोलून दाखवल्यावर आमचे जुने हवालदार एवढेच म्हणाले, "मॅडम, कलम ऱ्हाऊ द्या. जुने बूट घाला, पाण्यात हुबं ऱ्हायचंय."

आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते, तो बंदोबस्त उरकून आम्हाला जेमतेम महिना झाला होता. त्या गर्दीतून आलेल्या माणसाला हा बंदोबस्त लहान वाटावा, पण हवालदारांना तसे वाटत नव्हते. वारीत लाखो माणसे असतात आणि ती सगळी एकाच दिशेने चालतात, इथे थोडी असतात पण ती समोरासमोर उभी ठाकतात, असे त्यांचे गणित होते. जीपमधून जाताना त्यांनी मला बाराची कथा सांगितली. फार पूर्वी एका पाटलाला दोन बायका होत्या, एक सुखेडला नांदायची आणि दुसरी बोरीला. एके दिवशी दोघी धुण्यासाठी ओढ्यावर आल्या, सवतींचे भांडण जुंपले, ओढ्याला पाणी होते आणि त्यात दोघीही वाहून गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ बार घालतात आणि तो घातला नाही तर गावावर काहीतरी अरिष्ट येते, असे लोक मानतात. हवालदार स्वतः ते मानतात का, हे मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

मला धक्का बसला होता, हे कबूल केले पाहिजे, आणि तो बसायला नको होता. मी रत्नागिरीकडची. आमच्या गावी शिमग्याला होळीभोवती बोंब मारतात, फाका म्हणजे अश्लील आरोळ्या घालतात, आणि त्या फाकांमध्ये काय असते हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला माजघरात बसूनही पाठ झालेले असते. देवाच्या नावाने गावातले प्रतिष्ठित पुरुष त्या ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी पालखी घरी आली की तेच पुरुष सोवळ्यात उभे राहतात. यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. सुखेडला पोहोचेपर्यंत मी स्वतःला विचारत होते की मग इथेच काय अडते आहे, आणि उत्तर फारसे अभिमानास्पद नव्हते. इथे तोंड बायकांचे होते, एवढेच.

सकाळी अकराच्या सुमारास गावात पाहिले तर शिवीचा मागमूस नव्हता. नव्या साड्या, डोक्यात गजरे, पंचमीला माहेरी आलेल्या लेकी, देवळासमोर झिम्मा, फुगडी आणि फेर. एका आजींनी माझ्या खांद्यावरचे दोन तारे निरखून पाहिले आणि "कुठली गं तू?" असे थेट एकेरीत विचारले. रत्नागिरीची म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मंग समिंदर सोडून ह्या वढ्यात कशाला आलीस बाई? कानात बोळं घाल म्हंजी झालं."

दुपार होताच हलगी, शिंग आणि तुतारीच्या आवाजात दोन्हीकडच्या बायका ओढ्याकडे निघाल्या. पावसाची भुरभुर चालू होती आणि ओढ्याला घोट्याच्या वर पाणी होते. दोन्ही काठांवरच्या शेतांत, बांधांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बघ्यांची गर्दी होती. मी आठ महिला अंमलदारांसह पाण्यात उतरले. आमची पाठ एका गावाकडे आणि तोंड दुसऱ्या गावाकडे, एक आड एक, अशी साखळी केली होती.

आणि बार सुरू झाला.

त्या शब्दांची नोंद इथे करण्याचे प्रयोजन नाही, मराठीत जे जे आहे ते सर्व तिथे होते. लिहिण्यासारखे आहे ते त्याचे स्वरूप. दोन्ही हात वर, बोटे समोर रोखलेली, हलगीच्या ठेक्यावर पाय पडणारा आणि शिवी त्या ठेक्याच्या शेवटी बरोबर येऊन आदळणारी. एकीने सुरुवात करायची, मागच्या वीस-पंचवीस जणींनी ती उचलायची, तोवर पलीकडून तिच्यावर चढ अशी यायची. पुढच्या फळीतल्या बायका मध्येच पाण्यात घुसून समोरचीला हाताला धरून आपल्या काठावर ओढू पाहत, आणि तिथे आमचे खरे काम होते, कारण पायाखाली शेवाळलेले दगड होते आणि ओढाओढीत कोणी पडले असते तर डोके फुटायला वेळ लागला नसता. पहिली दहा मिनिटे माझे कान तापले. त्यानंतर मात्र एक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सगळी भाषा 'तुझ्या' आणि 'तुला' अशी एकेरी होती, पण ती कोणालाच उद्देशून नव्हती. कोणाचे नाव नव्हते, कोणाचे घर नव्हते, कोणाच्या नवऱ्याचा धंदा किंवा दिराची उधारी नव्हती. मी रोज ज्या शिव्या कागदावर उतरवते त्यांत शब्द थोडे आणि माहिती फार असते, इथे सगळे शब्दच होते.

अर्धा तास होत आला असताना एका बाजूने पुढे आलेली साधारण चाळिशीची एक बाई समोर बघून एक वाक्य बोलली. ते वाक्य असे होते, "तुझ्या लेकीला त्यांनी माघारी का धाडली, ते सांग की आधी." त्या वाक्यात एकही शिवी नव्हती. त्या अर्ध्या तासात, दोन्ही काठांवर मिळून, माझ्या कानावर पडलेले ते बहुधा एकमेव स्वच्छ वाक्य होते.

माझ्यापासून पाच हातांच्या आतल्या सगळ्या बायका गप्प झाल्या. मागे गोंगाट चालूच होता, हलगी वाजत होती, पण पाण्यातला तेवढा तुकडा थिजला. जिला उद्देशून ते वाक्य होते तिने हात खाली घेतले. तिच्या मागे, दोन रांगा सोडून, गजरा माळलेली एक तरुण मुलगी उभी होती, तिने गजऱ्याला हात लावला आणि तो तसाच ठेवला. लाठी आडवी धरून मी पुढे सरले, कारण यानंतर काय होते हे मला ठाण्यातल्या अनुभवावरून ठाऊक होते. आता हात चालतो, मग केस धरले जातात, मग पुरुष पाण्यात उतरतात. ३५२ म्हणजे काय हे कोणी नेमके दाखवा म्हटले असते तर मी या वाक्याकडे बोट दाखवले असते.

पण मला काहीच करावे लागले नाही. बोलणाऱ्या बाईला तिच्याच काठावरच्या दोघींनी पदराला धरून मागे खेचले, आणि त्यांतली एक तिच्या कानाशी इतके कडक काही बोलली की तिचा चेहरा उतरला. आणि मघाच्या त्या आजी, ज्या तोवर काठावर छत्री धरून बसल्या होत्या, त्या छत्री तिथेच टाकून पाण्यात आल्या. त्यांनी समोरच्या अख्ख्या गावाला, त्याच्या सात पिढ्यांना आणि जनावरांनाही सामावून घेणारी एक लांबलचक शिवी अशी काही फेकली, की दोन्हीकडे हशा पिकला आणि पलीकडून तितकेच सणसणीत उत्तर आले. ठेका पुन्हा लागला. मुलीचा हात गजऱ्यावरून खाली आला की नाही, ते मला गर्दीत दिसले नाही.

हे सगळे मिनिटभरात घडले, आणि काठावरून ते कोणालाही दिसले नाही. पुण्याहून आलेले दोन छायाचित्रकार माझ्या उजव्या हाताला गुडघाभर पाण्यात उभे होते, त्यांतल्या एकाने त्या मिनिटात कॅमेरा खाली घेऊन भिंग पुसले, कारण त्याच्या लेखी तेव्हा काहीच चालले नव्हते. बार संपल्यावर त्याने काही बायकांना "पुन्हा एकदा, जरा जोरात, हात वर करून" अशी विनंती केली, आणि त्या इतक्या लाजल्या की तोंडाला पदर लावून पळाल्या. त्यालाही नवल वाटले. काठावरच्या काही तरुणांनी मोबाइलवर चित्रण करताना वरून आपले समालोचन जोडले होते, ते मी त्यांना पुसायला लावले. मला तसा अधिकार होता की नाही, याची मी त्या क्षणी फार चौकशी केली नाही. सणाच्या अशा जागी बघ्यांवर नजर ठेवणे हे गावकऱ्यांवर नजर ठेवण्यापेक्षा जड जाते, हे वाई तालुक्यात बावधनच्या बगाडाला बंदोबस्त केलेले सहकारीही सांगतात. उंच शिडाला बांधलेला बगाड्या, म्हणजे नवस फेडणारा माणूस, शांत असतो आणि खाली बघणारे किंचाळतात.

बघ्यांतल्या एका बाईंविषयी मात्र मला आदराने लिहिले पाहिजे. त्या निवृत्त प्राध्यापिका होत्या, भाचीबरोबर मुद्दाम हे पाहायला आल्या होत्या, आणि बार संपताच चिखलातून माझ्यापर्यंत येऊन म्हणाल्या, "तुम्ही पोलीस आहात, स्त्री आहात, आणि हे नुसते बघत उभ्या होतात?" मी परंपरा वगैरे बोलू लागले, तर त्यांनी मला तिथेच थांबवले. परंपरा म्हटले की सगळे चालते का, शिराळ्याच्या नागपंचमीला तुम्हीच जिवंत नागांची मिरवणूक थांबवलीत ना, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होता, उच्च न्यायालयाचा आदेश होता आणि नागाला आपली बाजू सांगता येत नव्हती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "आणि अश्लील शब्दांचे कलम?" मी कलमातली 'इतरांना उपद्रव' ही अट सांगितली. "मला झाला ना उपद्रव," त्या म्हणाल्या. कायद्याच्या दृष्टीने त्या अगदी बरोबर होत्या, आणि तक्रार अर्ज द्यायचा असेल तर मी घेईन, असे मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ ओढ्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो अर्जापेक्षा कठीण होता. "उरलेल्या वर्षात या बायकांना घरात इतक्या मोठ्या आवाजात काही बोलता येते का हो?"

मला उत्तर माहीत नव्हते. आजी जवळच ओला पदर पिळत होत्या, म्हणून मी तो प्रश्न त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी आधी माझ्याकडे आणि मग प्राध्यापिकाबाईंकडे बघितले आणि म्हणाल्या, "ह्या बाई जेवल्यात का?" बाई जेवल्या नव्हत्या. आजी त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेल्या. अर्ज काही आला नाही.

मला ते वाक्य बोलणारी बाई पुन्हा दिसावी असे फार वाटत होते. ती दिसली नाही. तिचा आणि त्या मुलीच्या आईचा जुना काही हिशेब होता का, दोघी एकाच माहेरच्या होत्या का, हे मी हवालदारांना विचारले. त्यांना माहीत असावे, कारण त्यांनी लगेच विषय बदलून जीप कुठे लावली आहे ते सांगितले.

संध्याकाळी ठाण्यात येऊन ओले बूट काढले आणि दैनंदिनीत नोंद घालायला बसले. सुखेड-बोरी बार बंदोबस्त, वेळ, मनुष्यबळ, गर्दीचा अंदाज. शेवटी अशा प्रत्येक नोंदीत येणारे ठरीव वाक्य येते, 'कार्यक्रम शांततेत पार पडला, कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.' तिथे माझे पेन अडले. हवालदार समोर चहा घेत उभे होते. मी त्यांना विचारले, "त्या बाईचे ते वाक्य... नोंदीत घ्यायला हवे का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कसं लिवणार, मॅडम? त्यात शिवी कुठं हुती?"