पाच पट एकशे अठ्ठावीस, अधिक एक

गणिताचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "तुमची आवडती संख्या कोणती?" सात, तेरा असं काहीतरी ऐकायची तयारी असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. म्हणजे २चा ३२वा घात, अधिक १.

२चे पहिला, दुसरा, चौथा, आठवा, सोळावा असे घात घ्या आणि प्रत्येकात १ मिळवा. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ संख्या. या रांगेत पुढेही मूळ संख्याच येणार, असं सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती फर्मा यांना वाटलं आणि १६४०च्या सुमारास त्यांनी ते पत्रांतून कळवलं. रांगेतली सहावी संख्या म्हणजे ही.

फर्मांना तसं वाटलं यात मला नवल वाटत नाही. हिच्यातून २ वजा करा, उरतो तो बरोबर त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार. म्हणून त्या पाचांपैकी एकीनेही हिला भाग जाऊ शकत नाही. एवढंच नाही, फर्मांच्याच प्रमेयावरून मूळपणाची जी परीक्षा घेतात (पाया म्हणून एक संख्या धरायची, तपासायच्या संख्येपेक्षा एकाने कमी इतका तिचा घात करायचा, त्याला तपासायच्या संख्येने भागायचं; बाकी १ उरली की उत्तीर्ण), ती २ हा पाया धरून घेतली तर ही संख्या चक्क उत्तीर्ण होते! पाया ३ धरला की मात्र पकडली जाते.

१७३२ साली स्विस गणिती ऑयलर यांनी दाखवलं की हिला ६४१ने निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७, आणि तोही मूळ. पुढे त्यांनीच सिद्ध केलं की हिचा कोणताही मूळ विभाजक ६४च्या पटीपेक्षा एकाने मोठाच असणार. तशा मूळ संख्या ओळीने घेतल्या तर १९३, २५७, ४४९, ५७७, आणि पाचवीच ६४१.

भागाकार मी हातानेही केला आहे, शेवटी शून्य उरताना पाहायला फार बरं वाटतं. पण माझा खरा जीव जडला तो भागाकार न करता मिळणाऱ्या सिद्धतेवर. ६४० म्हणजे ५ गुणिले २चा ७वा घात. ६४१ने भागताना ६४०ची बाकी उणे १ धरता येते. चौथा घात केला की उणे १चा अधिक १ होतो. म्हणजे ५चा चौथा घात गुणिले २चा २८वा घात, याची बाकी १. आता गंमत पाहा: ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. ६२५ हाच ५चा चौथा घात, तेव्हा त्याच्या जागी उणे १६ लिहिता येतात. १६ म्हणजे २चा चौथा घात, तो २८व्याला जाऊन मिळाला की ३२वा. म्हणून उणे (२चा ३२वा घात), याची बाकी १. दोन्हीकडे तो घात मिळवला की दुसऱ्या बाजूला आमची संख्या उभी राहते, आणि तिची बाकी शून्य. चार अब्जांचा आकडा कुठे लिहावाच लागला नाही.

आणखी एक खूण आहे. ही संख्या ६५,५३६चा वर्ग अधिक १चा वर्ग, हे तर उघडच आहे. पण ६२,२६४चा वर्ग अधिक २०,४४९चा वर्ग केला तरी हीच येते. मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून फार तर एकाच प्रकारे लिहिता येते. इथे दोन प्रकार निघाले, म्हणजे ६४१ कधी सापडला नसता तरी ही मूळ नाही हे कळलंच असतं.