हक्कसोडपत्र: संशोधनातून निसटलेला कागद

मुलींच्या वारसाहक्कावर जे संशोधन झालंय, त्यातले दोन निबंध मी पुन्हा पुन्हा वाचते. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. डायनिंगर, गोयल आणि नागराजन यांच्या २०१३ च्या निबंधात महाराष्ट्र आणि कर्नाटकातली घरं आहेत. हिंदू वारसा कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीनंतर मुलींना जमीन मिळण्याची शक्यता बरीच वाढली, तरी मुलग्यांच्या बरोबरीला आली नाही, असं ते सांगतात. संचारी रॉय यांचा २०१५ चा निबंध म्हणतो की अशा दुरुस्त्यांनी मुलींच्या हाती मालमत्ता काही आली नाही. वडिलांनी जमीन हयातीतच मुलग्यांच्या नावे केली आणि मुलींना तिच्या बदल्यात शिक्षण दिलं, नाहीतर हुंडा वाढवला.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करते, कामं बहुतेक जमिनीचीच. या दोन्ही प्रकारची घरं मी पाहिली आहेत. पण माझ्याकडे सगळ्यात जास्त येतं ते तिसऱ्याच प्रकारचं घर. वडील गेले, वारसनोंद झाली, सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं लागली, आणि पुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडून देत असल्याचा दस्त, होऊन बहिणींची नावं निघाली. अशा घरातल्या बहिणीला जमीन मिळाली म्हणायची की नाही?

कायद्यापुरतं म्हणाल तर आता शंका उरलेली नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली, तिने ही अट ठेवली नाही. मग त्या दिवशी वडील हयात हवेत का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या फुलवती निकालात हवेत असं ठरलं, २०१८ च्या दानम्मा निकालाने वेगळी वाट धरली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहिल्या. या वादावर अभ्यासकांनी भरपूर लिहिलं, आणि ते लिहिणं गरजेचंच होतं.

हिस्सा जातो तो मात्र दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या टेबलावर. बहिणी भावाच्याच गाडीतून येतात. मसुदा आधीच तयार असतो: ‘कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.’ फोटो निघतो, अंगठा मशीनवर टेकतो, ओळख पटवणारे दोघे सह्या करतात. नोंदणी कायद्याप्रमाणे अधिकाऱ्याने पाहायचं ते एवढंच, की दस्त याच व्यक्तीने करून दिलाय आणि तिला तो कबूल आहे. तुमचा हिस्सा किती गुंठे, त्याची आजची किंमत काय, हे त्याने विचारावं असं कायदा कुठे म्हणत नाही. पुढे दबावाने सही घेतली म्हणून दस्त रद्द करून मागायचा, तर दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आणि पुराव्याचं ओझं तिच्याच डोक्यावर.

सगळीच हक्कसोडपत्रं दबावाखाली होतात असं मी म्हणणार नाही. आईवडिलांची दुखणी भावाने काढलेली असतात, सोसायटीचं कर्ज त्यानेच फेडलेलं असतं. हे सगळं बघून समजून-उमजून हिस्सा सोडणाऱ्या बायका मला भेटतात, त्यांच्या निर्णयाचा मी मान राखते. पण ‘वकीलबाई, माहेर तुटायला नको’ एवढंच बोलून जी सही करते, तिला आपण काय सोडतोय हे कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हक्कसोडपत्रासाठी घरचं कुणीही आलं, तरी मी बहिणीला एकटीला आत बोलावते. गट नंबर, क्षेत्र, तिच्या वाट्याला येणारे गुंठे आणि रेडी रेकनरचा दर कागदावर मांडते आणि तो कागद तिच्याच हातात देते. काही जणी घरी जाऊन विचार करतो म्हणतात. एकीने राहतं घर भावाला सोडलं आणि विहिरीकडची जमीन ठेवली. भाऊ महिनाभर बोलला नाही, दिवाळीत मात्र भाऊबीजेला आला.

हे एका वकिलाच्या मर्जीवर का असावं? नोंदणीआधी बहिणीला एकटीला विचारावं, हिस्सा गुंठ्यांत आणि रुपयांत दस्तातच लिहावा, आणि सही केल्यावर फेरफाराआधी, म्हणजे सातबाऱ्यावर नावबदलाची नोंद होण्याआधी, तिला दस्त मागे घेण्यासाठी काही दिवस मिळावेत. फेरफारावर हरकतीची नोटीस आजही निघते, पण तोवर दस्त पक्का झालेला असतो. नियमांत आणि गरज पडली तर कायद्यात बदल करून हे करता येईल, अशी माझी खात्री आहे.

त्यासाठी अभ्यास लागेल. सर्वेक्षणात ‘जमीन मिळाली का’ हा एकच प्रश्न विचारून भागणार नाही. मिळाल्यावर ती किती दिवस नावावर राहिली, हेही विचारावं लागेल. वारसनोंदीचा फेरफार आणि हक्कसोडपत्राचा फेरफार, दोन्ही गावच्या दप्तरात असतात, तारखांसकट. एलएलएमच्या प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांनी एक तालुका निवडावा आणि दहा वर्षांचे हे फेरफार शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. नोंदी वाचायला शिकवण्याचं काम माझ्याकडे.